वाऱ्याने ठरवलेली तारीख

३ जुलै २०२५, गुरुवार, अबू धाबी

शाळांना सुट्टी लागली. आमच्या इमारतीतली निम्मी कुटुंबं भारतात गेली. उरलेल्यांची मुलं दिवसभर एसीत कोंडलेली. बाहेर बांधकामावरच्या मजुरांनासुद्धा साडेबारा ते तीन काम बंद ठेवावं लागतं, असा इथला १५ जून ते १५ सप्टेंबरचा नियम आहे. मग मुलांना खाली कोण पाठवणार? म्हणून यंदा जुलैभर माझ्या हॉलमध्ये वर्ग भरवायचा ठरवला. विषय ध्रुवांवरची हवा. अकरावी-बारावीची मुलं, एक इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाचा, शेजारची मल्याळी मुलगी आणि तिच्यामागोमाग आलेला तिचा धाकटा भाऊ. मराठी मुलं मला काकू म्हणतात, ती दोघं मिस.

बारावीतल्या मुलाच्या वडिलांनी विचारलं, "वाळवंटात राहून अंटार्क्टिका कशाला?" प्रश्न रास्त होता. त्यांना सांगितलं की हा अभ्यास याच शहरात चालतो. खलिफा विद्यापीठात डायना फ्रान्सिस यांचा गट अंटार्क्टिकावरची वादळं आणि समुद्रबर्फ यांच्यावर काम करतो. सादियात बेटावरच्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अबू धाबी शाखेत डेव्हिड हॉलंड यांच्या पुढाकाराने समुद्रपातळीचा अभ्यास होतो, त्यासाठी माणसं ग्रीनलंडला आणि अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीवर जाऊन येतात. हे शहर तर समुद्राला लागून, बेटांवर, फारसं उंच नसलेलं. बर्फाचं काय होतं ते आम्हाला कळायला हवं.

पहिल्या दिवशी मुलांना एकच विचारलं: गेल्या वर्षीचा १६ एप्रिल आठवतो? सगळे एकदम बोलायला लागले. पाण्यात बुडालेल्या गाड्या, बंद विमानतळ, शाळा घरून. त्या पावसात अल ऐनच्या खत्म अल शक्ला भागात चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाणी पडलं. या देशात वर्षभराचा पाऊस साधारण शंभर मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वर्षाच्या सरासरीकडे बघून त्या दिवसाची कल्पनाही आली नसती. ध्रुवांवरही हेच आहे, आणि महिनाभर मला मुलांना तेच दाखवायचं आहे. बर्फाचं भवितव्य आपण वर्षांच्या आणि दशकांच्या सरासरीत मोजतो, ते मोजायलाच हवं. पण बर्फ तुटतो, उघडतो, वितळतो तो ठराविक दिवशी. त्या दिवसांची हवा वाचता आली पाहिजे.

५ जुलै, शनिवार

जगभरची हवामान केंद्रं दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळेला फुगे सोडतात. ग्रीनिचची मध्यरात्र आणि दुपारचे बारा. आपल्याकडे भारतात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच, इथे चार. अबू धाबी विमानतळावरून फुगा वर जातो त्याच सुमारास दक्षिण ध्रुवावरच्या अमंडसेन-स्कॉट केंद्रावरूनही जातो. दोन्ही फुगे तीसेक किलोमीटर उंचीपर्यंत जाऊन फुटतात आणि वाटेतलं तापमान, दमटपणा, वारा खाली कळवत राहतात. ही माहिती कोणालाही फुकट मिळते.

दोन्ही ठिकाणचे आलेख मुलांपुढे ठेवले. जमिनीपासून वर जाऊ तशी हवा थंड होत जाते, हे सगळ्यांना पाठ. दक्षिण ध्रुवाचा आलेख उलटा निघाला. जुलैत तिथे जमिनीलगत उणे साठच्या आसपास तापमान, आणि काहीशे मीटर वर त्याहून वीस अंशांनी उबदार. बर्फ रात्रभर आपली उष्णता आकाशात फेकत असतो, आणि तिथे तर रात्रच सहा महिन्यांची. बर्फाला चिकटलेली हवा सगळ्यात आधी गारठते आणि जड होऊन तळाशी बसते. मल्याळी मुलगी म्हणाली, "मिस, आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, तेव्हाही असंच असतं ना?" अगदी बरोबर. रस्त्यावरचे फलक वेग कमी करायला सांगतात, त्या धुक्याच्या रात्री इथेही हवा अशीच उलटी रचलेली असते. फक्त ती ऊन आलं की मोडते. तिकडे मोडायला सूर्यच नसतो.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी खिचडी झाली. देवापुढची उदबत्ती बघून प्रयोग सुचला. ओव्हनचा मोठा ट्रे रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला होता. तो टेबलावर तिरका टेकवला, त्यावर बर्फाचे तुकडे पसरले, एसी आणि पंखा बंद केला आणि वरच्या टोकाशी उदबत्ती धरली. धूर आधी वर गेला. मग ट्रेवरच्या थंड हवेत त्याची खालची कड सापडली आणि ती पातळ चादरीसारखी उताराने घसरत टेबलाच्या कडेवरून जमिनीकडे गेली. धाकट्याने तो धूर हाताने अडवायचा प्रयत्न केला. धूर बोटांच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून गेला. एसी बंद असल्याने दहा मिनिटांतच सगळे घामाने निथळले, पण कोणी उठलं नाही.

अंटार्क्टिकाचा मधला भाग तीन-साडेतीन हजार मीटर उंचीचं बर्फाचं पठार आहे. तिथली गारठलेली जड हवा किनाऱ्याकडे घरंगळते आणि दऱ्यांच्या तोंडाशी एकवटते. डग्लस मॉसनच्या मोहिमेने १९१२-१३ मध्ये केप डेनिसनला तळ ठोकला, तो नेमका अशा वाऱ्याच्या वाटेवर. तिथल्या वाऱ्याची वर्षाची सरासरीच ताशी सत्तर किलोमीटरच्या वर भरली. सरासरी एवढी, तर वादळाच्या दिवशी काय असेल, हा प्रश्न मुलांनी आपणहून विचारला.

८ जुलै, मंगळवार

आज फक्त साधनं. युरोपच्या हवामान अंदाज केंद्राने १९४० पासूनच्या प्रत्येक तासाची हवा, साऱ्या पृथ्वीवर सुमारे एकतीस किलोमीटरच्या चौकटींत, पुन्हा रचून ठेवली आहे. नाव ईआरए-फाइव्ह. फुगे, जहाजं, विमानं, उपग्रह यांची मोजमापं आणि हवेचं गणित एकत्र करून ती बनवली आहे. इंजिनीअरिंगच्या मुलाने ती उतरवून घ्यायचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. दुपारपर्यंत माझ्या हॉलमध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रावरचा दाब पडद्यावर होता. माझ्या कॉलेजच्या काळात हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. लायब्ररीतल्या ॲटलासपलीकडे अंटार्क्टिका आमच्या वाट्याला आली नव्हती.

१२ जुलै, शनिवार

आज वेडेल समुद्र. हा भाग मला सगळ्यात प्रिय.

२०१७ चा सप्टेंबर. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र तेव्हा सर्वाधिक गोठलेला असतो. तिथल्या भारताच्या मैत्री केंद्राच्या उत्तरेला, काहीशे किलोमीटरवर, समुद्राखाली मॉड राइज नावाचं पठार आहे. त्याच्यावरच्या बर्फात महिन्याच्या मध्याला अचानक भोक पडलं. किनाऱ्यापासून लांब, चहूकडे बर्फ आणि मधे काळं पाणी. अशा मोकळ्या पाण्याला पोलिन्या म्हणतात. ऑक्टोबरपर्यंत ते भोक ऐंशी हजार चौरस किलोमीटरच्या घरात गेलं. मुलांना म्हटलं, साऱ्या अमिरातीचा नकाशा घ्या, जवळजवळ तेवढं. असं यापूर्वी १९७३ मध्ये आणि मग १९७४ ते ७६ या हिवाळ्यांत दिसलं होतं, आणि या हिवाळ्यांतलं भोक २०१७ च्या तिप्पट होतं. ते निंबस-पाच उपग्रहाने टिपलं. तो सूक्ष्मलहरींनी बघत होता, त्यामुळे काळोख आणि ढग आडवे आले नाहीत.

प्रश्न असा की चार दशकं बंद राहिलेलं दार त्याच आठवड्यात का उघडलं? डायना फ्रान्सिस, क्लेअर एअर्स, हुआन कुएस्ता आणि डेव्हिड हॉलंड यांनी २०१९ मध्ये उत्तर मांडलं: वादळांनी. सप्टेंबरच्या मध्याला तिथे तीव्र चक्रीवादळं येऊन गेली. चक्रीवादळाभोवतीचा वारा बर्फाला केंद्रापासून वेगवेगळ्या दिशांनी ढकलतो, तेव्हा मधला बर्फ फाटतो. पुढच्या वर्षी फ्रान्सिस आणि इतर सहकाऱ्यांनी आणखी एक धागा जोडला. वादळांबरोबर उबदार, दमट हवेचे लांबट पट्टे आले होते. वातावरणातल्या या नद्या मध्य अक्षांशांतली वाफ थेट बर्फावर नेऊन ओततात. ढग आणि वाफ खालून वर जाणारी उष्णता परत खाली धाडतात आणि बर्फ वरून कुरतडला जातो. त्यांनी १९७३ ची आणि २०१७ ची, दोन्ही उघडणी या चष्म्यातून तपासली.

आम्ही ते दिवस पडद्यावर एकेक करून पाहिले. बारा, तेरा, चौदा, पंधरा सप्टेंबर. दाबाच्या रेषा आवळत गेल्या आणि मग बर्फाच्या नकाशात पांढऱ्यात निळा ठिपका उमटला. अकरावीतली मुलगी तीन वेळा मागे गेली आणि तोच दिवस पुन्हा लावला.

१३ जुलै, रविवार

आज अकरावीतल्या त्या मुलीनेच हरकत घेतली. "काकू, वादळं तर तिकडे दरवर्षी येतात. मग दरवर्षी भोक का पडत नाही?" मला हाच प्रश्न हवा होता. समुद्रशास्त्रज्ञांचंही हेच म्हणणं आहे. ईथन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, पाण्याखाली तरंगणारी यंत्रं आणि हत्ती-सीलच्या डोक्यावर बसवलेले संवेदक यांच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या मते २०१७ ला मॉड राइजवरचं वरचं पाणी नेहमीपेक्षा खारट झालं होतं. वरचा थर खारट, म्हणजे जड. मग खालच्या उबदार पाण्याला वर यायला थोडा धक्का पुरे. वादळांनी तो दिला. म्हणजे समुद्र तयार होता आणि हवेने वेळ साधली. मुलांनी वहीत एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला हवा असे रकाने केले, आणि दोन्हीत घालण्यासारखं खूप निघालं. बारावीतला मुलगा म्हणाला, एक कारण सापडलं की पेपरात एक मार्क मिळतो, इथे दोन कारणं लागतात.

१५ जुलै, मंगळवार

शमाल, इथला धुळीचा वारा, सुटलाय. बाल्कनीतल्या दोऱ्यांवर धूळ, कपडे परत धुतले. समोरच्या बकाल्यापर्यंत, म्हणजे किराणा दुकानापर्यंत, जायलाही डोळे चोळत जावं लागलं. वर्गात धुळीबद्दल बोललो. फ्रान्सिस यांच्याच २०१८ च्या एका अभ्यासात एप्रिल २०११ मधली घटना आहे. ध्रुवाजवळच्या वाऱ्याच्या झोताने वळण घेतलं, त्यातून सहाराच्या वायव्य भागात वादळ उभं राहिलं आणि तिथली धूळ थेट उत्तरेला, ग्रीनलंडच्या दिशेने गेली. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊन परत फेकतो. मोकळं पाणी दहा टक्क्यांच्याही आत. मधे कुठेतरी धुळीने मळलेला बर्फ. धूळ आणणारी हवा स्वतःही उबदार, दमट असते, म्हणून बर्फाला दोन्ही बाजूंनी फटका बसतो.

वाळवंटातून ध्रुवाकडे बघण्याचं हेही कारण आहे. पण इतकं तात्पर्य सांगायची गरज मुलांना नव्हती. ती आधीच खिडकीपाशी जाऊन बघत होती.

१७ जुलै, गुरुवार

अकरावीतल्या मुलीच्या आजी व्हिजिटवर आल्यात, साताऱ्याकडच्या. नातीबरोबर वर्गात येऊन कोपऱ्यात बसतात. आज मी अदिती पंतांचं नाव घेतलं आणि आजी सरसावून बसल्या. "पंत म्हणजे औंधचे का?" होय, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घरातल्या, आप्पासाहेब पंतांच्या कन्या. आजींनी औंधची यमाई, संस्थानचं भवानी संग्रहालय, सगळं सांगितलं.

मग मी बाकीचं सांगितलं. अदिती पंत नागपूरला १९४३ मध्ये जन्मल्या. शिक्षण पुण्यात, पुढे हवाई आणि लंडन. काम गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. १९८३ च्या डिसेंबरात गोव्याहून फिनपोलारिस जहाजावर तिसरी भारतीय मोहीम निघाली. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया. त्याच मोहिमेत भारताचं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, उभं राहिलं. पुढे ते बर्फात गाडलं गेलं आणि १९८९ पासून मैत्रीने त्याची जागा घेतली. २०१२ ला लार्समन टेकड्यांवर भारती आलं. आज भारताचं ध्रुवीय संशोधन केंद्र वास्कोला आहे, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्याला लागूनच.

आजींनी विचारलं, तिथे बायका राहतात कशा? मी सांगितलं, आता राहतात, हिवाळाभरसुद्धा. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग नातीला म्हणाल्या, "जा की तू."

२१ जुलै, सोमवार

बेचाळीस वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, २१ जुलै १९८३ ला, अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या वोस्तोक केंद्रावर उणे ८९.२ अंश नोंदले गेले. जमिनीवरच्या तापमापकाने टिपलेला हा पृथ्वीवरचा नीचांक. यंदा मे महिन्यात अबू धाबीजवळच्या स्वैहानला ५१.६ अंश झाले. दोन्हीतला फरक १४०.८ अंश. नळाचं पाणी सध्या इतकं तापतं की गीझर बंद ठेवायचा आणि त्याच्या टाकीतलं पाणी गार म्हणून वापरायचं. त्यात धाकट्याला वोस्तोक म्हणजे गोष्टीतलं गाव वाटलं.

पण खरी गोष्ट आकड्यामागच्या दहा दिवसांची आहे. वोस्तोक ३,४८८ मीटर उंचीवर आहे, थंड असणं त्याला सोपं. तरी उणे नव्वदला टेकायला आणखी काही लागतं. त्या जुलैत वोस्तोकभोवती वाऱ्याचं कडं तयार झालं. किनाऱ्यावरची उबदार हवा आत शिरेना. आकाश स्वच्छ, वारा मंद, उष्णता सगळी वर निघून चाललेली. असं दहा दिवस टिकलं आणि तापमान खाली खाली जात राहिलं. एरवी कुठलं तरी वादळ येऊन हे कडं मोडतं. त्या दहा दिवसांत कोणी आलं नाही.

मैत्रीवर सूर्य याच सुमारास पुन्हा क्षितिजाला लागतो, भारतीवर त्याच्या थोडं आधी. मुलांनी अक्षांशावरून हिशेब केला आणि तो जमला.

२४ जुलै, गुरुवार

आज अमेरी. भारती ज्या प्रिड्झ उपसागराच्या काठाला आहे, त्याच्याच डोक्याशी अमेरी आइस शेल्फ आहे. लॅम्बर्ट ही जगातल्या सर्वांत मोठ्या हिमनद्यांपैकी एक. ती आणि तिच्या जोडीच्या नद्या समुद्रावर येऊन तरंगतात, तो हा जाड थर. त्याच्या तोंडाशी दोन फटींच्या मधे एक तुकडा हलता होता. शास्त्रज्ञ त्याला सुटका दात म्हणत. हेलन फ्रिकर यांनी २००२ च्या सुमारास अंदाज केला होता की तो २०१० ते २०१५ या काळात निघेल. तो निघाला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या सुमारास त्याच्या शेजारचा मोठा तुकडा निघाला. १,६३६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबई अडीच वेळा मावेल. वजन सुमारे ३१५ अब्ज टन. नाव डी-२८. अमेरीवर एवढं मोठं तुटणं साठच्या दशकानंतर पहिल्यांदाच झालं.

इथे मी मुलांना थांबवलं, कारण इतका मोठा बर्फ तुटला की लगेच तापमानवाढीचं नाव निघतं. अमेरी तेव्हा एकंदरीत समतोल होती. वरून येणारा बर्फ आणि पुढून तुटणारा बर्फ यांचं चक्र साठ-सत्तर वर्षांचं, आणि फट वर्षानुवर्षं वाढत आली होती. ती जुनी, नैसर्गिक गोष्ट. जे खरं नाही ते बर्फाच्या बाजूने बोलायचं म्हणूनसुद्धा बोलू नये. बर्फाची काळजी करायला खरी कारणं पुरेशी आहेत.

पण मग सप्टेंबर २०१९ च का? फ्रान्सिस यांच्या अबू धाबीच्या गटाने २०२१ मध्ये याचं उत्तर प्रसिद्ध केलं. तुटण्याच्या आधीच्या दिवसांत प्रिड्झ उपसागरावर जोडीची चक्रीवादळं झपाट्याने फोफावली आणि तिथेच अडकून राहिली. वारा किनाऱ्याकडून बाहेर, समुद्राकडे वाहू लागला. समोरचा समुद्रबर्फ, जो एरवी आइस शेल्फच्या तोंडाला आधार देतो, तो दूर गेला. भरतीची नेहमीची चाल बिघडली आणि पाण्याचा पृष्ठभाग तिरपा झाला. फट वर्षानुवर्षांची होती. तारीख वाऱ्याने ठरवली.

बारावीतल्या मुलाने फळ्यावर तारखांची ओळ काढली आणि प्रत्येकीखाली दाब लिहिला. तो खाली येत जाणारा आकड्यांचा जिना बघताना त्याच्या तोंडून एकच निघालं, "हे आधी कळलं असतं?" अंदाज बांधणारी गणितं दोन-चार दिवस आधी वादळ दाखवू शकतात. फट किती पिकली आहे ते मात्र वादळाच्या नकाशात दिसत नाही. हवेचा माणूस आणि बर्फाचा माणूस एकाच खोलीत बसले तर जमेल. मला वाटतं, पुढच्या काळातलं हे सगळ्यात गरजेचं काम आहे, आणि त्या खोलीत आपल्या मुलांनी बसावं.

२६ जुलै, शनिवार

मार्च २०२२. वोस्तोक आणि कॉन्कॉर्डिया या पठारावरच्या केंद्रांवर मार्चमध्ये उणे पन्नास ही रोजची गोष्ट. १८ मार्चला कॉन्कॉर्डियाला उणे ११.८ नोंदलं गेलं, वोस्तोकला उणे १७.७. सरासरीहून जवळजवळ चाळीस अंशांनी जास्त. दक्षिण महासागरातून आलेली वातावरणातली नदी थेट पठारावर चढली होती. किनाऱ्यावर पाऊस पडला. त्याच दिवसांत पूर्व अंटार्क्टिकातलं काँगर आइस शेल्फ, सुमारे बाराशे चौरस किलोमीटर, कोसळलं.

आणि त्याच वादळाने पठारावर एवढं हिम टाकलं की त्या भागातला बर्फ एकूण वाढला. मुलं इथे गोंधळली, मलाही गोंधळलेली हवी होती. एकच घटना आत भर घालते आणि काठावर तोडते. वार्षिक आकड्यात अधिक आणि उणे मिळून एक संख्या राहते, तिच्यातून हे दोन्ही हरवतं. पण तो काठ आतल्या बर्फाला रोखून धरतो. तो गेला की मागची हिमनदी वेगाने समुद्रात उतरू शकते, म्हणून अशा वेळी दोन्ही बाजू वेगवेगळ्या मांडाव्याच लागतात.

मल्याळी मुलीने घरी जाऊन रात्री मेसेज केला: त्या आठवड्यात कॉन्कॉर्डियाला माणसं होती का, त्यांनी काय घातलं होतं? होती. सकाळी शोधू, म्हटलं.

३१ जुलै, गुरुवार

आता प्रत्येकाने आपापले दिवस निवडायचे आहेत. इंजिनीअरिंगच्या मुलाने डिसेंबर २०१५ घेतला, अटलांटिकवरचं वादळ उत्तर ध्रुवाकडे चढलं आणि ऐन ध्रुवीय रात्रीत ध्रुवाजवळची हवा शून्य अंशाला टेकली. बारावीतल्याने ६ फेब्रुवारी २०२०, अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या एस्पेरांझाला १८.३ अंश झाले तो दिवस. तिथला वारा आमच्या उदबत्तीच्या वाऱ्याच्या अगदी उलट: डोंगरापलीकडून उतरताना दाबला जाऊन तापणारा. अकरावीतली मुलगी मॉड राइज सोडायला तयार नाही. ती १९७३ घेणार आहे, उपग्रहाच्या पहिल्यावहिल्या धूसर नकाशांसकट. भावंडांनी मिळून वोस्तोक घेतलं.

नियम ठरले. घटनेच्या आधीचे दहा दिवस, नंतरचे पाच. दर सहा तासांचा दाब, वारा, वाफ. कारण लिहायच्या आधी एका रकान्यात समुद्राने काय तयारी केली होती ते, दुसऱ्यात हवेने काय केलं ते. एखादी गोष्ट दाखवता आली नाही तर तिथे प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढे जायचं. रविवारी सगळ्यांनी आपापली माहिती उतरवून ठेवायची. सोमवारी सकाळी नऊला पहिला नकाशा इंजिनीअरिंगच्या मुलाचा: २७ डिसेंबर २०१५, उत्तर अटलांटिक, समुद्रसपाटीवरचा दाब.